गार्डसाब आणि हिरवं बटण

ते बसमध्ये कधी पुढे तोंड करून बसले नाहीत. मागच्या दाराशी दांड्याला टेकून उभे, आणि नजर मागच्या काचेतून निघून जाणाऱ्या रस्त्यावर. जबलपुरात मदन महलपासून कांचघरपर्यंत असा उलटा प्रवास. यांना मळमळत कसं नाही, म्हणून एकदा एका बाईंनी काळजीने विचारलं, "अंकल, जी नहीं मिचलाता?"

"बेटा, चौंतीस साल उल्टा ही चला हूँ. सीधा बैठता हूँ तो मिचलाता है."

ती चौंतीस वर्षं छोट्या लाईनीची. जबलपूरहून नैनपूर, बालाघाट करत गोंदियाला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. तिच्या शेवटच्या डब्यात ते गार्ड होते. लाईन मोठी झाली, छोटी गाडी गेली, तेही निवृत्त झाले. आमच्या शहर बसचे ड्रायव्हर त्यांना 'गार्डसाब' म्हणत. मी काका म्हणायचे. आमच्या घरातली मराठी पिढ्यान् पिढ्या इथल्या हिंदीत राहून गुळगुळीत झालेली. त्यांची गोंदियाची, खडबडीत. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यामुळे कुणाविषयी काही बोलायचं असलं की ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, खुशाल बोलत.

मी नियंत्रण कक्षात काम करते. वेळापत्रकं, ड्यूटी चार्ट, तक्रारी, हरवलेल्या छत्र्या, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. काही वर्षांपूर्वी आमच्या बसगाड्यांमध्ये एक काळा डबा बसवला गेला. या डब्यांमुळे बसगाड्या एकमेकींशी बोलतात. मी कुठे आहे, किती वेगात आहे, आत्ता ब्रेक मारला, एवढंच. पण ते क्षणात जवळपासच्या सगळ्या बसना कळतं. पुढची बस वळणापलीकडे अचानक थांबली तर ती दिसण्याआधीच मागच्या बसमध्ये डबा टींटीं करतो आणि लाल दिवा लागतो. डब्यावर एक गोल हिरवं बटण. सूचना मिळाली की ड्रायव्हरने ते दाबायचं. दाबलं की माझ्या पडद्यावर हिरवी ओळ, नाही दाबलं तर लाल ओळ, शेजारी 'प्रतिसाद नाही'.

ड्रायव्हरांबरोबर फिरून त्यांना हे समजावणारा अनुभवी माणूस हवा होता. मुलाखतीत साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, विचारलं, "इस टेक्नॉलॉजी का आपको क्या अनुभव है?"

काका म्हणाले, "दो गाड़ियाँ आपस में बात करें ताकि भिड़ें नहीं. यही ना? यही किया साहब ज़िंदगीभर. बस, हम कपड़े से बात करते थे."

मग त्यांनी साहेबांना निशाणांची रीत सांगितली. गाडी स्टेशनातून सुटली की गार्ड मागून हिरवं निशाण दाखवणार, पुढून इंजिनवाला दाखवणार. एकाने दाखवून भागत नसे. दुसऱ्याने आपण पाहिल्याचं दाखवावं लागे. नेमणूक झाल्यावर हिरवं बटण पाहून ते म्हणूनच खूश झाले. "हे बरं केलं बाप्पा," मला म्हणाले, "नाहीतर आजकाल सगळे सांगतात. ऐकलं म्हणून कोणी सांगत नाही."

हा त्यांच्या स्वभावाचा पायाच होता. सांगितलेलं परत म्हणून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ऑफिसखालच्या चहावाल्यालाही सुटका नव्हती. "दो चाय, एक फीकी. क्या बोला मैं?" चहावाला रोज चिडून म्हणायचा, "गार्डसाब, दो ही तो चाय हैं, मालगाड़ी थोड़ी है!" आणि तरी परत म्हणायचा. मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून सगळं जेवण परत म्हणून घेतलं. आचारी अपमान वाटून निघून गेला. अर्ध्या तासाने परत आला आणि म्हणाला, "जलेबी रह गई थी." ही गोष्ट त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितली, आणि सहाही वेळा शेवटी आचाऱ्याचंच कौतुक केलं.

मी घाईत "हो हो, काका" म्हटलं की थांबवायचे. "एक हो चालेल. दोन आले की समजजो, माणूस दुसरीकडे पाहून राहिला."

त्यांची चौकशी कुठे वळेल याचा नेम नसे. एक दिवस ते वहीचं पान घेऊन माझ्या टेबलाशी आले. समोरासमोर येणाऱ्या बसचे ड्रायव्हर एकमेकांना हाताने खुणा करतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत होते. मला तो नमस्कार वाटायचा. काकांनी महिनाभर त्या खुणा टिपल्या होत्या. पंजा खालीवर, म्हणजे पुढे हळू. मूठ फिरवली, म्हणजे जाम. डोक्यावर दोन बोटं, म्हणजे रस्त्यात सांड बसलाय. बोट खाली करून नाही-नाही, म्हणजे तो थांबा आज बंद.

"आता मला सांग, तुझा डबा 'सांड' कसा म्हणते?"

"डबा फक्त ब्रेक आणि वेग सांगतो, काका."

"म्हणजे यायले जास्त बोलता येते."

मी ते पान स्वच्छ उतरवून घेतलं, शीर्षक घातलं, क्रमांक दिले. डबे बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने ते पाहून हसून परत दिलं. काकांना वाईट वाटलं नाही. त्यांना फक्त कुतूहल होतं की तो इंजिनिअर सांडाचं काय करत असेल.

आता माझ्या यादीबद्दल. बटण बसल्यावर पहिले दोन महिने कुणी ते दाबेना. पडदा लालेलाल. साहेब वैतागले. मी उपाय काढला: दर सोमवारी डेपोच्या भिंतीवर एक यादी लावायची. कुणी सूचनेनंतर किती लवकर बटण दाबलं, त्या क्रमाने नावं. वरच्या पाचजणांनी साप्ताहिक सुटीचा वार आधी निवडायचा. महिन्यात पडदा हिरवागार झाला. सोमवारी सकाळी भिंतीपाशी परीक्षेच्या निकालासारखी गर्दी व्हायची. सलीम कायम शेवटी असायचा आणि पहिला कायम कोमल भैया. कोमल भैया बारा वर्षं आमच्याकडे गाडी चालवत होता, कधी ओरखडा नाही. टींटीं होतं न होतं तोच त्याचं बटण दाबलेलं असायचं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. काकाही म्हणाले, "चांगली युक्ती काढली."

आणि याच कोमल भैयाची बस कांचघरच्या वळणावर पुढच्या बसला मागून धडकली.

पुढच्या बससमोर हातगाडी आली, म्हणून तिने ब्रेक मारला. थांबतेच आहे तर चढून घ्यावं म्हणून एक बाई मागच्या पायरीवर पाय ठेवत होत्या. धक्क्याने त्या पडल्या, मनगट मोडलं. त्या शिवणकामावर घर चालवणाऱ्या. मनगट मोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. माझ्या पडद्यावर सगळी नोंद होती. पुढच्या बसचा ब्रेक. लगेच कोमल भैयाला सूचना. लगेच त्याचं बटण; नेहमीसारखं, सगळ्यात जलद. आणि त्याचा ब्रेक मात्र उशिरा.

साहेबांच्या दृष्टीने यात शोधण्यासारखं काही नव्हतं. "इसको पता था. बटन दबाकर बोल रहा है कि पता है. फिर भी ठोक दिया." सूचनाच मिळाली नसती तर चूक माफ झाली असती, मिळाली असं त्याने स्वतःच्या बोटाने कबूल केलं होतं. नोकरी जाणार होती आणि लायसन्सविरुद्ध वर कळवायचं होतं. म्हणजे पुढे कुठेही बस चालवता आली नसती. तो कागद मला तयार करायचा होता. मलाही नोंद खरी वाटत होती, कारण ती खरीच होती.

कोमल भैया माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दीदी, मैंने दबाया था बटन. देख लो."

"देखा, भैया. वही तो."

त्याला ते 'वही तो' कळलं नाही. त्याला वाटत होतं बटण त्याला वाचवेल.

काका तेव्हा खिडकीशी चहा पीत होते. कोमल भैया गेल्यावर म्हणाले, "त्या बाईले कोणी विचारलं काय?"

"विचारलं ना. दवाखान्याचा खर्च, पत्ता, सगळं घेतलंय."

"तिनं काय पाहिलं ते?"

ते माझ्या यादीत नव्हतं. आम्ही दोघं त्या दुपारी कांचघरला गेलो. बाई हाताला प्लास्टर घालून मशीनशेजारी बसल्या होत्या; डाव्या हाताने कापड सरळ करायचा प्रयत्न चालला होता. चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं होतं, मागची बस रिकामी असेल तर ती घ्यावी म्हणून. त्यामुळे ड्रायव्हर त्यांना समोरून दिसला.

"वो तो नीचे देख रहा था," त्या म्हणाल्या. "मोबाइल देख रहा होगा."

आता तर संपलंच, असं मला वाटलं. काकांनी मात्र पुढे सरकून विचारलं, "नीचे, पर किधर? इस बाजू कि उस बाजू?"

बाईंनी डोळे मिटले, ड्रायव्हरच्या जागी बसल्यासारखी मान झुकवली आणि आपल्याच अंगावर आठवून पाहिलं. "इधर. बाएँ."

हिरवं बटण स्टिअरिंगच्या डावीकडे, खाली, गिअरच्या वर आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढचे दोन दिवस ते आयुष्यात पहिल्यांदा बसच्या पुढच्या भागात बसले. तिथेही रस्त्याकडे नाही. इंजिनच्या झाकणावर, ड्रायव्हरकडे तोंड करून. ड्रायव्हर बिचारे लाजून लाल. "गार्डसाब, ऐसे मत देखो, लड़की देखने आए हो क्या?" ते उत्तर न देता कागदावर खुणा करत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

यादीतले वरचे पाचही जण टींटीं झालं की आधी बटणाकडे पाहत होते. डोळे खाली, डावा हात खाली, बटण, मग डोळे वर, मग ब्रेक. खालचे लोक आधी ब्रेकवर पाय ठेवत, रस्ता पाहत, आणि आठवलं तर सावकाश बटण दाबत. सलीम तर बस पूर्ण थांबवून, पुढचा मार्ग मोकळा झाल्यावर बटण दाबत होता.

"तुझी यादी बरोबर आहे," काका म्हणाले. "फक्त तू वरून वाचून राहिली. ते खालून वाचायची आहे."

मला राग आला. खरं तर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही, पण मी त्यांना म्हटलं की दोन दिवसांच्या निरीक्षणावर असं म्हणता येत नाही. ते म्हणाले, "हाव, नाही म्हणता येत. तर तूच पाहून घे."

मी जुन्या नोंदी काढल्या. आजवर मी सूचना आणि बटण यांमधलं अंतर पाहिलं होतं. सूचना आणि ब्रेक यांमधलं कधीच नाही. कुणी मागितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. जेवणाचा डबा न उघडता मी पेन्सिलने एकेक ओळ लावत गेले. दुपारपर्यंत दुसरी यादी तयार झाली. पहिल्या नावावर सलीम होता. कोमल भैया, यादी लागण्याआधीच्या दोन महिन्यांत, दुसऱ्या क्रमांकावर. नंतरच्या प्रत्येक महिन्यात तो थोडा थोडा खाली घसरत गेला होता. मी त्याला दर सोमवारी शाबासकी देत होते.

"काका, त्याला मी शिकवलं हे."

"मलाही आवडलं होतं ना ते बटण," ते म्हणाले. "आपण निशाण दाखवलं का नाही तेवढंच मोजलं. पाहिलं का, ते नाही मोजलं."

साहेबांना आकडे दाखवले. त्यांना पटले नाहीत. आकडे माझे, आणि कोमल भैयाला मी दीदी. काका म्हणाले, "साहब, पाँच मिनट डेपो में चलिए." डेपोच्या मैदानात एक बस उभी होती. काकांनी साहेबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सांगितलं की टींटीं झालं की लगेच बटण दाबायचं, बघू किती जलद जमतं. आणि स्वतः बसच्या समोर वीस पावलांवर जाऊन उभे राहिले. मी आतून चाचणीची कळ दाबली. टींटीं. साहेबांचा हात विजेसारखा गेला.

"कितना लगा?" साहेबांनी मला हौसेने विचारलं.

"बहुत तेज़, सर. कोमल से भी."

काका खिडकीपाशी आले. "साहब, मैंने हाथ में क्या उठाया था?"

"कब?"

"अभी. सिर के ऊपर. दोनों हाथ से."

साहेबांना आठवेना. त्यांनी काही पाहिलंच नव्हतं. काकांनी पाठीमागे लपवलेले हात पुढे केले. त्यात साहेबांचा लॅपटॉप होता, टेबलावरून चार्जरसकट उचलून आणलेला. डेपोतले ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून हसत होते. साहेबांनी पुन्हा एकदा करून पाहायचं म्हटलं. दुसऱ्या वेळी आधी काकांकडे पाहिलं, बटण उशिरा दाबलं आणि म्हणाले, "बाल्टी. हरी बाल्टी." मग ते बराच वेळ सीटवरून उतरलेच नाहीत.

तरी फाइल बंद झाली नाही. साहेबांनी पंधरा दिवस दिले. कोमल भैयाच्या डब्यावरचं बटण पुठ्ठ्याने झाकायचं. तो नुसता चालवेल. पंधरा दिवसांनी नोंदी पाहून ठरवू. माझ्या लक्षात आलं की बटण झाकलं म्हणजे त्याची प्रत्येक ओळ लाल येणार. काकांना म्हटलं. ते म्हणाले, "येऊ दे."

पहिल्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. पडद्यासमोर बसले. साडेसातच्या सुमाराला राणीतालच्या पुढे पहिली सूचना आली. लाल ओळ. प्रतिसाद नाही. तेवढ्या क्षणात मला काय काय दिसलं ते लिहीत नाही. मग तिच्या खाली ब्रेकची ओळ उमटली. वेळेत. मी पाणी प्यायले.

सोमवारी भिंतीवरची यादी मी काढून टाकली. सलीम मागे लागला. "दीदी, नई लिस्ट में तो मैं पहला हूँ ना? लगाओ ना!"

"अब लिस्ट नहीं लगेगी, भाई."

"वाह! इतने महीने सबसे नीचे टँगा रहा, ऊपर आने की बारी आई तो दीवार ही साफ़ कर दी!"

पंधराव्या दिवशी साहेबांच्या टेबलावर मी दोन कागद शेजारीशेजारी ठेवले. डावा मशीनचा, वरपासून खालपर्यंत लाल. उजवा माझा, पेन्सिलचा, प्रत्येक लाल ओळीसमोर ब्रेकची वेळ. साहेबांनी बोट लावून एकेक जोडी वाचली. एकही उशिरा नव्हती. कोमल भैया बाहेर कूलरपाशी उभा होता, काका दारात.

"ठीक है," साहेब अपघाताचा फॉर्म पुढे ओढत म्हणाले. "पर कारण के खाने में क्या लिखूँ? मशीन लिखूँ तो कंपनी लड़ेगी. ड्राइवर लिखूँ तो आप दोनों लड़ेंगे. खाना ख़ाली नहीं जा सकता."

मी दाराकडे पाहिलं. काका म्हणाले, मराठीत, नेहमीसारखं मोठ्याने, "मी काही नाही सांगणार. तुलेच माहीत आहे."

मी साहेबांकडून फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: बटण आधी दाबण्याची सवय, दर सोमवारच्या यादीमुळे लागलेली. यादी बनवणारी, आणि खाली माझं पूर्ण नाव. सही केली, तारीख घातली. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याखाली स्वतःची सही केली. त्या यादीला मंजुरी त्यांची होती. मला पुढच्या आठवड्यात समज देणारं पत्र आलं. त्यांना आलं का, मी विचारलं नाही.

बाहेर कोमल भैया माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होता. "दीदी, किसका नाम लिखा?"

"मेरा."

त्याने कागद घेतला, वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. "मेरा नाम कहाँ है?"

"कल के ड्यूटी चार्ट पर. पहली पाली, कांचघर."